मागचा हुक

वाडीतल्या आजाऱ्यांना घाटातून दवाखान्यात न्यायला सगुणा धिंदळे जुनी फोर-व्हील जीप बघायला आली. पैसे बेताचेच होते. दलाल बबनशेठने चकाचक लाल जीपवर थाप मारली.

"ताई, चिखलात रुतलेल्या किती गाड्या हिनं ओढून काढल्यात, गणतीच नाही."

सगुणाने वाकून गाडीभोवती फेरी मारली.

"शेठ, दुसऱ्याला ओढणाऱ्या गाडीचा मागचा हुक झिजतो. हिचा तर पुढचा झिजलाय, मागच्याचा रंगही उडाला नाही. म्हणजे दरवेळी हीच रुतली."

बबनशेठचा चेहरा उतरला. "मग कुठली दाखवू?"

"ती कोपऱ्यातली, पोचे आलेली. तिचा मागचा हुक गुळगुळीत झालाय. हिला ओढणारी तीच असणार."

संध्याकाळी ती स्वस्तातली जीप निसरडा घाट एका दमात चढली, तेव्हा कुठे सगुणाचा जीव भांड्यात पडला.