धुरपेची घागर

आमच्या भोळवडीला नळ नव्हते, रस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. साऱ्या गावाची घाण तेव्हा वेशीबाहेरच्या खड्ड्यात जायची. वर कोरडी खपली, आणि खाली कायमची राड. कितीही ऊन पडो, तिचं पाणी काही सुटायचं नाही. पावसाळ्यात खड्डा फुटून विहिरीत उतरायचा आणि मागोमाग पटकीची, हगवण-ओकारीची साथ यायची.

खड्ड्याचं काम धुरपेकडे होतं. पटकीनं तिचा नवरा नेला, दोन मुलगे नेले. उरली एक बनी. ही पोर तरी जगवायची, एवढाच ध्यास तिनं घेतला.

असं म्हणतात, की ती राडीशी बोलायची. शेवग्याच्या वाळल्या बिया कुटून, त्यात चुलीची राख मिसळून ती खड्ड्यात टाकायची आणि लांब काठीनं हलक्या हातानं ढवळत राहायची. दूध नासावं तशी राड फाटायची. मग ती वाळूच्या वाफ्यावर ओतली, की पाणी खाली झिरपून तिच्या खोपटामागच्या पाटाला लागे आणि वर चोथा उरे. उन्हात तो भुरभुरीत होई. तेच सोनखत. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग गाड्या भरभरून नेलं. ज्वारी अशी माजली, की तिच्यात हत्ती दडावा. खड्डा फुटेनासा झाला, पटकी थांबली.

पाटातलं पाणी काचेसारखं नितळ दिसायचं. धुरपा मात्र बजावायची, "ते झाडाचं पानी हाय. मानसानं तोंड लावू नये."

आता गावाची रीत ऐका. धुरपेनं विहिरीला शिवायचं नाही. कट्ट्याखाली घागर ठेवून बसायचं. कुणी येईल, वरून ओतेल, तेव्हा तिचं पाणी. सोनखतानं शेतं पालटली, रीत नाही पालटली. गरज सरो, वैद्य मरो.

ऐन सुगीत बनी तापानं फणफणली. "आये, पानी दे." घरात थेंब नव्हता. "आत्ता आनते, बाळे," म्हणून धुरपा विहिरीवर गेली आणि बसून राहिली. कुणी येईना. सारं गाव खळ्यावर होतं, तिच्याच खतावर पिकलेली ज्वारी मळत होतं. तिनं हाका मारल्या. लांबून कुणीतरी म्हणालं, "बस जरा, एवढी रास हू दे."

रहाट समोर होता, दोर समोर होता. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. विहीर बाटवली म्हणून हाकललं, तर तापलेली पोर घेऊन जायचं कुठं?

उन्हं कलली तेव्हा रिकामी घागर घेऊन ती परतली. बनी पाटाशी पालथी पडली होती. तिचे ओठ ओले होते. दुसऱ्या दिवशी पटकीनं तिलाही नेलं.

धुरपा रडली नाही. वाफ्यावर जाऊन बसली. आणि असं म्हणतात, की विहिरीचं पाणी एकेक पायरी खाली उतरू लागलं. तेव्हा कुठं लोक घागरी भरून तिच्याकडे धावले. तिनं एकीलाही तोंड लावलं नाही. विहीर कोरडी पडली, त्या दिवशी वाफ्यावर धुरपा नव्हती. भुरभुरीत माती तेवढी होती.

पुढं पावसाळ्यात पाणी परतलं. पण अजूनही सुगीत, खळं मांडण्याआधी, विहिरीतली पहिली घागर भोळवडीत कुणी पीत नाही. ती वाफ्यावर नेऊन ओततात. म्हणतात, "धुरपे, घे."

त्या वाळूत ते पाणी मुरत नाही. दिवस मावळेपर्यंत तसंच वर राहतं, आणि गाव बघत उभं असतं.