चुंदी चिचुंद्री आणि मोटारीच्या दाराचं रबर

"मी नाही कुरतडलं! नाही म्हणजे नाही!"

चुंदी चिचुंद्री सकाळपासून ओरडत होती. पण तिचं खरं मानतंय कोण? कुण्णी नाही.

चुंदी राहायची येसूमावशीच्या लाल मोटारीत. पुढच्या सीटखाली. येसूमावशी खराटे विकायची. माडाच्या झावळीतले कडक कडक हीर काढायचे, गच्च बांधायचे, झाला खराटा! मोटारभर खराटे. सीटखाली चुंदी. चुंदीच्या कुशीत चार पिल्लं. इवलीशी, गुलाबी नाकाची.

मोटारीच्या दाराला काळं रबर होतं. मऊ मऊ, कडेकडेनं. दार लागलं की रबर फट बुजवायचं. वारा बाहेर. ऊब आत.

एक दिवस काय झालं? रबर फाटलं. टर्रर्र! ही एवढी फट पडली. फटीतून वारा आला. सूंऽऽऽ सूंऽऽऽ! थंडीचे दिवस. पिल्लं कुडकुड कुडकुड.

येसूमावशी आली. कमरेवर हात.

"चिचुंद्रे! रबर खाल्लंस?"

"मी नाही गं मावशी! मी किडे खाते. रबर कोण खातं?"

"तोंड वर करून बोलतेस? लांब नाक, लांब शेपूट, म्हणजे उंदराचीच जात! नवं रबर बसेपर्यंत घरात यायचं नाही!"

धाड्! दार लागलं. चुंदी बाहेर. पिल्लं बाहेर.

मग चुंदी रडत बसली का? छट्! बोटभर चुंदी, पण हातभर राग.

"चला रे!" ती म्हणाली.

पहिल्यानं आईची शेपटी तोंडात धरली. दुसऱ्यानं पहिल्याची. तिसऱ्यानं दुसऱ्याची. चौथं अगदी बारकं. त्यानं तिसऱ्याची धरली. झाली आगगाडी!

पुढे आई, मागे पिल्लं.
तुरुतुरु तुरुतुरु, चीं चीं चीं.

नाक्यावर बाबीमिस्त्री होता. मोटारी दुरुस्त करायचा.

"मिस्त्रीदादा, मिस्त्रीदादा, रबर बसवा ना!"

"का गं?"

"मावशी घरात घेईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"

मिस्त्री हसला. "खायचं तू आणि बसवायचं मी? वा गं वा! रबर आहे माझ्याकडे. पण कात्री झालीय बोथट. आधी धार, मग रबर. जा धारवाल्याकडे."

"मी नाही खाल्लं!" चुंदी म्हणाली. आणि निघाली.

पुढे आई, मागे पिल्लं.
तुरुतुरु तुरुतुरु, चीं चीं चीं.

धारवाला चाक फिरवत होता. कर्र कर्र, कर्र कर्र.

"धारवालेमामा, धारवालेमामा, कात्रीला धार लावा ना!"

"का गं?"

"मिस्त्री रबर बसवीना,
मावशी घरात घेईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"

"तुझ्या दातांना धार कमी आहे होय?" धारवाला म्हणाला. "माझं चाक करकरतंय बघ. आधी तेल, मग धार. जा घाण्याकडे."

"मी नाही खाल्लं!" चुंदी म्हणाली. आणि निघाली.

पुढे आई, मागे पिल्लं.
तुरुतुरु तुरुतुरु, चीं चीं चीं.

घाणा म्हातारा होता. लाकडाचा. पोट हे मोठं! गप्प उभा होता.

"घाणेआजोबा, घाणेआजोबा, तेल गाळा ना!"

"का गं पोरी?"

"धारवाला धार लावीना,
मिस्त्री रबर बसवीना,
मावशी घरात घेईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"

"रबराला दात लावू नयेत पोरी," घाणा म्हणाला. "आणि माझ्या पोटात काय आहे? काही नाही. आधी खोबरं, मग तेल. जा माडाकडे."

"मी नाही हो खाल्लं!" चुंदी म्हणाली. आणि निघाली.

पुढे आई, मागे पिल्लं.
तुरुतुरु तुरुतुरु, चीं चीं...

एक चीं कमी कशी? चुंदीनं मागे बघितलं. बारकं पिल्लू वळणावर सुटलं होतं. गवताची काडी तोंडात धरून उभं होतं. वाट बघत होतं, काडी कधी चालते!

"अरे बाळा, ते गवत आहे! शेपटी धर, शेपटी!"

बारक्यानं शेपटी धरली.
तुरुतुरु तुरुतुरु, चीं चीं चीं.

माड उंच. उंच उंच. चुंदीला त्याचं डोकंच दिसेना.

"माडकाका, माडकाका, नारळ टाका ना!"

"का गं?" वरून आवाज आला.

"घाणा तेल गाळीना,
धारवाला धार लावीना,
मिस्त्री रबर बसवीना,
मावशी घरात घेईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"

"रबर खाणारी तूच ना गं? वाऱ्यानं सांगितलं मला," माड म्हणाला. "माझी मुळं सुकली. आधी पाणी, मग नारळ. जा पाटाकडे."

वारासुद्धा चहाड्या करत फिरतोय! चुंदी दात-ओठ खात निघाली.

पुढे आई, मागे पिल्लं.
तुरुतुरु तुरुतुरु, चीं चीं चीं.

पाट म्हणजे माडांना पाणी नेणारी चिमुकली वाट. एरवी खळखळ बोलायचा. आज नुसतं गुळगुळ, गुळगुळ.

"पाटभाऊ, पाटभाऊ, पाणी सोड ना!"

"का... गुळगुळ... गं?"

"माड नारळ टाकीना,
घाणा तेल गाळीना,
धारवाला धार लावीना,
मिस्त्री रबर बसवीना,
मावशी घरात घेईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"

"माझा घसा पाल्यानं तुंबलाय. गुळगुळ. आधी पाला काढा, मग पाणी. जा कोंबडीकडे."

ऊन उतरायला लागलं होतं. वारा आणखी गार झाला. बारकं पिल्लू शिंकलं. फिस्स! चुंदी पळायलाच लागली.

पुढे आई, मागे पिल्लं.
तुरुतुरु तुरुतुरु, चीं चीं चीं.

कोंबडी दगडापाशी उभी होती. मान तिरकी. एक डोळा दगडाखाली.

"कोंबडीताई, कोंबडीताई, पाला उकर ना!"

"का गं?"

"पाट पाणी सोडीना,
माड नारळ टाकीना,
घाणा तेल गाळीना,
धारवाला धार लावीना,
मिस्त्री रबर बसवीना,
मावशी घरात घेईना,
पिल्लं माझी कुडकुडती!"

"माझ्या पोटात सकाळपासून दाणा नाही बाई," कोंबडी म्हणाली. "पाय उचलतील कसे? दगडाखाली किडे आहेत. पण माझी चोच पोचत नाही. आधी किडे, मग पाला."

"किडे?" चुंदी म्हणाली.

"किडे!" कोंबडी म्हणाली.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

चुंदीनं लांब नाक दगडाखाली घातलं. हुं हुं हुं! एक किडा बाहेर. हुं हुं हुं! दुसरा बाहेर. पिल्लांनीपण नाकं घातली. किडेच किडे! कोंबडीनं टिपले. टुक टुक टुक टुक! दोन किडे चुंदीनंही खाल्ले. भूक तिलाही होतीच की.

कोंबडीनं चुंदीकडे बघितलं. नीट बघितलं.

"काय गं, तू पण किडेच खातेस?"

"तेच तर सांगतेय सकाळपासून!"

"आणि दात दाखव बघू. आ कर."

चुंदीनं आ केला. टाचणीच्या टोकाएवढे दात!

"हे दात रबर फाडतात? ह्याः!" कोंबडी म्हणाली. "तू नाही खाल्लंस. मी सांगते सगळ्यांना!"

चुंदीचे डोळे भरले. "कोंबडीताई, तुझं भलं होवो गं! खरं मानलंस माझं."

"भलं झालंच की! पोट भरलं माझं. चल आता!"

कोंबडीनं पाला उकरला. खर्रक खर्रक! पाटाचा घसा मोकळा झाला.

"हिनं नाही खाल्लं रे!" कोंबडी ओरडली.

"अरेच्चा!" पाट म्हणाला. आणि पाणी सुटलं. खळखळ खळखळ!

"पाटभाऊ, तुझं भलं होवो!" चुंदी म्हणाली.

माडाची मुळं भिजली. घट घट घट! माडाला बरं वाटलं. "वाऱ्याचं ऐकून बोललो गं. धर नारळ!" सुका नारळ पाटात पडला. डुबुक! आणि निघाला तरंगत.

"माडकाका, तुमचं भलं होवो!"

नारळ घाण्यापाशी आला. कोंबडीनं बोंबलून सांगितलं, "हिनं नाही खाल्लं!" घाण्याच्या पोटात खोबरं गेलं. कुंईऽऽ कुंईऽऽ! तेल आलं. घाण्यानं तेलाचा बोळा दिला. "चुकलो पोरी. घे."

"घाणेआजोबा, तुमचं भलं होवो!"

धारवाल्यानं चाकाला तेल लावलं. चाक गप्प! तो नाक्यावर आला, मिस्त्रीची कात्री घेतली. सर्र सर्र, ठिणग्या उडाल्या! कात्री लखलखली.

"मामा, तुमचं भलं होवो!"

मिस्त्रीनं काळं रबर कापलं. कच्च! गुंडाळी खांद्यावर टाकली. "चल चुंदी, तुझ्या घरी!"

पुढे मिस्त्री आणि धारवाला, मागे चुंदी, मागे पिल्लं. शेवटी कोंबडी. तिला काय काम होतं तिकडे? काही नाही. बघायला!

मिस्त्रीनं फाटकं रबर ओढून काढलं. त्यात काहीतरी अडकलं होतं. त्यानं ते हळूच खिशात टाकलं. "नंतर बघू. आधी पिल्लांची थंडी."

नवं रबर लांबच लांब. वर मिस्त्रीनं दाबलं. खाली कोण दाबणार? चुंदी! पिल्लांनी शेपट्या सोडल्या आणि रबर धरलं. दाब दाब, दाब दाब! बारक्यानं सगळ्यात जोरात दाबलं.

मिस्त्रीनं दार लावलं. थप्!

सूंऽऽऽ नाही. फट नाही. वारा बाहेर. ऊब आत. पिल्लं कुशीत. चुंदी कान लावून बसली. कुडकुड थांबली. बारकं घोरायलासुद्धा लागलं. सगळ्यांनी मिळून म्हटलं,

"कोंबडीनं पाला उकरला,
पाटानं पाणी सोडलं,
माडानं नारळ टाकला,
घाण्यानं तेल गाळलं,
धारवाल्यानं धार लावली,
मिस्त्रीनं रबर बसवलं,
पिल्लं उबेत झोपली!"

येसूमावशीनं दारावर हात फिरवला. खूश झाली. "चुंदी, तुझं भलं होवो गं! वाऱ्यानं माझेपण गुडघे धरले होते. आता हे घर तुझंच, कायमचं!"

"तुझंही भलं होवो मावशी. पण रबर मी नाही खाल्लं."

"हिनं नाही खाल्लं!" कोंबडी ओरडली.

"मग फाडलं कुणी?" मावशीनं पदर खोचला. खराटा उचलला. "आणा त्याला माझ्यापुढे! असा झोडते, असा झोडते!"

कोंबडी म्हणाली, "मी नाही!"
पाट लांबून म्हणाला, "मी नाही!"
माड वरून म्हणाला, "मी नाही!"
घाणा तिकडून म्हणाला, "मी नाही!"
धारवाला म्हणाला, "मी नाही!"
चुंदी म्हणाली, "मी तर नाहीच नाही!"

मिस्त्रीनं खिशात हात घातला. खिशातून काय निघालं? हीर! खराट्याचे हीर! मोडके, टोकदार, एक, दोन, मूठभर!

"हे रबरात रुतले होते," मिस्त्री म्हणाला. "मोटारीत खराटे कोंबायचे, त्यांची टोकं बाहेर राहिली तरी बघायचं नाही, आणि वरून दार लावायचं, धाड्! रबर फाटेल नाही तर काय होईल? आता सांगा. रोज असं दार कोण लावतं?"

सगळ्यांनी वळून बघितलं.

हातातला खराटा हळूच पाठीमागे लपवत कोण उभं होतं?

येसूमावशी!