चंद्राचं खोटं नाव

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका. कुणालाच आठवत नाही इतक्या जुन्या काळी, हवाईच्या एका लहानशा बेटावर नालानी नावाची म्हातारी राहत असे. त्या बेटावर महिन्यातल्या प्रत्येक रात्रीला वेगळं नाव होतं. कोणत्या रात्री रताळी लावायची, कोणत्या रात्री जाळी टाकायची, हे त्या नावावरून ठरे. रोज सूर्य बुडताना नालानी किनाऱ्यावर शंख फुंके आणि रात्रीचं नाव सांगे.

चंद्र अर्धा असताना चार रात्री रिकाम्या असत. त्या रात्री कुणी होडी काढत नसे, कारण मासळी खडकांत अंडी घालायला येई.

एकदा अशाच रिकाम्या दिवसांत राजाकडे शेजारच्या बेटावरून सोयरे आले. राजाने नालानीला बोलावलं.

"आजी, आज 'कू'ची रात्र सांग. जाळी टाकायची रात्र. पाहुण्यांच्या पानात काय उकडलेला कंद वाढू?"

"महाराज, ही नावं मी नाही ठेवली."

"मग तुझ्या जागी दुसरी बाई बघतो. तू नातींना घेऊन डोंगरावर जा."

नालानीला डोंगरावरच्या ओसाड खडकांची आठवण झाली. धाकटी नात तर नुकती चालायला लागली होती.

संध्याकाळी तिने शंख फुंकला. "आज कू!"

डोक्यावर अर्धा चंद्र लख्ख दिसत होता. म्हाताऱ्या केकोआ कोळ्याने वर पाहिलं, मग किनाऱ्यावर उभ्या राजाकडे पाहिलं आणि गुपचूप जाळं उचललं. बाकीचे त्याच्यामागे गेले.

जाळी फाटेपर्यंत मासळी आली. बायका मासे साफ करू लागल्या, तर प्रत्येकाच्या पोटात गाभोळी, अंडीच अंडी. नालानीही जेवली. गाभोळी फार चविष्ट लागली.

पुढच्या महिन्यात कोळीच तिच्या दारात आले.

"आजी, कू सांग की!"

"अरे, ही रिकामी रात्र आहे."

"मागच्या महिन्यात हाच चंद्र होता. पाहुण्यांसाठी कू होतो, आमच्या पोरांसाठी होत नाही?"

त्यांना नाही म्हणायचं, तर आधीचं खोटं कबूल करावं लागणार होतं. नालानीने मान खाली घातली आणि शंख उचलला. त्या महिन्यात, आणि नंतरच्या प्रत्येक महिन्यात.

चौथ्या वर्षी जाळ्यांत नुसतं शेवाळ यायला लागलं. सगळ्यात आधी राजा आपल्या मोठ्या होड्या घेऊन सोयऱ्यांकडे निघून गेला. त्या संध्याकाळी नालानी किनाऱ्यावर रडत म्हणाली, "ऐका रे, मी खोटं बोलले. ती रात्र रिकामीच होती. आजचीही रिकामीच आहे."

केकोआ जाळ्यातलं शेवाळ काढत होता. त्याने मान वर केली नाही.

"आम्हाला काय ठाऊक नव्हतं? डोळे आम्हालाही होते, आजी. पण समुद्रात मासळी होती तेव्हा बोलली असतीस, तर थांबायला निमित्त तरी मिळालं असतं."

नालानी पुढे बरीच वर्षं जगली. रोज खरं नाव सांगायची. रिकाम्या रात्री आता सगळे पाळत. उरलेल्या रात्रीही कुणी होडी काढत नव्हतं. धाकटी नात विचारायची, "आजी, मासा कसा लागायचा गं? मला आठवतच नाही." नालानी तिच्यापुढे कंद सरकवायची आणि तोंड फिरवायची.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर गाव चालतं, तो एकदा खोटं बोलला की पुढचं खोटं गावच त्याच्याकडून मागून घेतं.