कुठेच न जाणारा बोगदा

माळावर माणसांची वस्ती व्हायच्या आधीची गोष्ट. तिथल्या एका उंच वारुळात रेखी नावाची वाळवी राहायची. नवे रस्ते आखायचं काम तिच्याकडे होतं आणि तिला पसारा अजिबात खपत नसे.

एकदा तिला एक बोगदा सापडला. तो ना कोठाराकडे जात होता, ना पिल्लांच्या खोलीकडे. नुसताच वर चढून माथ्यावर उघड्यात संपत होता. तिनं सगळ्यांत जुन्या धोंडूमावशीला विचारलं, "हा कुणी खोदला? कशासाठी?"

"कुणास ठाऊक बाई. मला कळतंय तेव्हापासून आहे."

"म्हणजे कुणाच्याच कामाचा नाही," असं म्हणून रेखीनं त्याचं तोंड चिखलानं लिंपून टाकलं.

दुपारपर्यंत खाली वाळव्यांनी खाण्यासाठी लावलेली अळंबीची बाग आंबू लागली. पिल्लं मलूल झाली. माती वाहणाऱ्या वाळव्या वाटेतच बसल्या. रेखी सगळीकडे धावली, पण कुठे काही मोडलेलं नव्हतं. मग तिला सकाळचा चिखल आठवला. धापा टाकत ती वर गेली आणि तिनं तो कुरतडून काढला.

कोंदट, जड हवा तिच्या अंगावरून बाहेर पडली आणि मागोमाग तळातून गार झुळूक आली. अख्खं वारूळ श्वास घेत होतं. रेखी जागीच थबकली. एवढा मोठा श्वास, आणि तो कुणी योजला हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नव्या रस्त्याच्या आड तसाच आणखी एक बोगदा आला. रेखीनं त्याच्या तोंडाशी मिशा नेऊन हवेचा अंदाज घेतला आणि रस्ता वळवून घेतला.