दुखवट्याच्या घरची कढई

“आपल्याजवळ आनंद नसताना लोकांना आनंदाचा उपदेश करायचा, म्हणजे खोटंच बोलायचं ना, बाई?”

आमच्या गावचे पाळक नहेम्या शिरसाठ हे उंबऱ्यात उभ्याउभ्याच म्हणाले. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

द्वारकाबाई करंजीला मुरड घालत होत्या. हातातली पूर्ण करून ताटात ठेवली, मग वर पाहिलं.

“बस.”

“बसायला नाही आलो.”

चोवीस डिसेंबरची दुपार होती. उद्या सकाळी कोणती गाणी घ्यायची ते विचारायला मी बाईंकडे गेलो होतो. चर्चमध्ये पेटी मी वाजवतो. गाणी दोन मिनिटांत ठरली, पण कढईत करंज्या होत्या म्हणून मी अजून तिथंच होतो. खोटं कशाला बोलू?

द्वारकाबाई म्हणजे आमच्याकडची जुनी बायबलबाई. चाळीस वर्षं पायी गावोगाव जाऊन बायकांना सुवार्ता सांगितली. नहेम्याला पहिलं वचन यांनीच पाठ करून घेतलं, कान पिळून. आता तो पाळक झालाय, पुण्याच्या सेमिनरीतून पहिला येऊन, आणि सगळं गाव त्याला अहोजाहो करतं. बाई सोडून.

पाळकसाहेबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि उंबऱ्यातूनच वाकून बाईंच्या पाटाशेजारी ठेवला.

“चर्चच्या पंचमंडळींना राजीनामा. संध्याकाळी देणार आहे. आधी तुम्हाला दाखवावा म्हटलं.”

उद्या नाताळ. पुण्या-मुंबईची पोरंबाळं गावी आलेली, चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसणार, आणि व्यासपीठावर कोण?

बाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आनंद कधीपासून गेला?”

“ऑगस्टपासून.”

ऑगस्टात त्यांची आई गेली होती. एलिशिबाकाकू. पाळकघरात आता ते एकटेच.

“प्रार्थना करतोस?”

“रोज पहाटे. तीन शुक्रवार उपास धरला. चांदणीचा कंदील स्वतः बांबूवर चढवला. सगळं केलं, बाई. आतून कोरडा ठाक आहे मी. आणि उद्या म्हणे मोठ्या आनंदाची सुवार्ता सांगायची! कोणत्या तोंडानं?”

“बोटाला काय झालं?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी हात मागं घेतला. अंगठ्याशेजारच्या बोटाला पांढरं टूथपेस्ट फासलेलं होतं.

“भाजलं.”

“कशानं?”

“करंज्या तळत होतो.”

बाईंनी गॅस बंद केला. कढई चरचरायची थांबली.

“दुखवट्याच्या घरात कढई चढवलीस?”

इथं सांगायला हवं. आमच्या गावात ज्या घरी माणूस गेलं, त्या घरात त्या वर्षी नाताळचं तळण करत नाहीत. शेजारपाजारचे डबे येतात. ख्रिस्ती घरांतून येतात, तसे मराठ्यांच्या आणि मुलाण्यांच्या घरांतूनही येतात. एरवी कुणाचा डबा आला तर आपण निदान चिमूटभर साखर घालून परत देतो. दुखवट्याच्या वर्षी मात्र डबा रिकामा परत जातो, आणि कुणी काही म्हणत नाही.

“गाणारी मंडळी दारात येणार,” साहेब म्हणाले. “पाळकाच्या दारातून त्यांना तसंच कसं लावायचं? आईनं कधी लावलं नाही.”

“मग? झाल्या का करंज्या?”

“...फुटल्या. सारण तेलात सांडलं. सगळं काळंठिक्कर झालं.”

मला हसू फुटलं. काय करणार! सेमिनरीत पहिला आलेला माणूस, आणि सकाळपासून काळ्या तेलात झाऱ्या फिरवतोय. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसून हातातली करंजी तोंडात कोंबली.

“आणि शेजारचे डबे?”

“परत पाठवले. रिकामे नाही, प्रत्येकात केक घालून.” साहेबांची मान ताठ झाली. “पाळकानं द्यायचं असतं, बाई. घ्यायचं नसतं.”

“हे पुण्यात शिकवतात होय?”

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फळीवरून एक स्टीलचा डबा काढला. त्यांचाच होता, रविवारी पाळकघरी गेलेला आणि सोमवारी परत आलेला. आत बेकरीतला केक जसाच्या तसा.

“दान्या, हा तू खा. मी काही मागितला नव्हता.”

मी खायला लागलो. चांगला होता हो केक, त्याचा काय दोष?

बाई परत पाटावर बसल्या.

“नहेम्या, येशू जन्मला तेव्हा मेंढपाळ गव्हाणीपाशी गेले. जाताना काय नेलं त्यांनी?”

साहेबांनी परीक्षेत द्यावं तसं लगेच उत्तर दिलं. “पूर्वेकडच्या मागी लोकांनी, त्या ज्ञानी मंडळींनी, सोनं, ऊद, गंधरस—”

“मागी नाही विचारले. मेंढपाळ.”

“काही नेल्याचं लिहिलेलं नाही.”

“कुणी हाकललं का त्यांना?”

“नाही.”

“आणि देवदूत आला तो त्यांना काय म्हणाला? आनंद करून आणा म्हणाला, का आनंद आलाय म्हणून सांगितलं?”

साहेबांनी चपला काढल्या, आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. पाठीवरचं ओझं उतरवताना हमाल सुस्कारा टाकतो, तसा सुस्कारा टाकला.

बाईंनी डबा पदरानं पुसला. मग पाटाशेजारचा कागद उचलला, घडी उलगडली आणि डब्याच्या तळाशी नीट अंथरला. त्यावर एकेक करंजी रचायला लागल्या.

“बाई! तो राजीनामा...”

“कागद चांगला आहे. तेल शोषून घेतो.”

आता हे चिडणार, डबा उलटा करणार, असं वाटलं. पण साहेब नुसते बघत राहिले. कागदावर तेलाचे डाग उमटले. पंचमंडळींचं नाव दिसेनासं झालं. मग सहीसुद्धा करंजीखाली गेली.

बाईंनी वरची एक करंजी उचलून त्यांच्यापुढे धरली.

“मला गोड लागत नाही, बाई. ऑगस्टपासून काहीच लागत नाही.”

“न लागू दे. खा.”

त्यांनी घेतली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. सारण शर्टावर सांडलं, ते झटकलंही नाही.

“बाई, साखर जास्त झालीय.”

बाई हसल्या, दात नव्हते तरी तोंडभर. “तुझी आई तीस वर्षं हेच म्हणत होती. ‘द्वारके, तुझ्या करंज्या म्हणजे नुसती साखर!’ आणि खाताना मात्र पाच खायची!”

“सहा,” साहेब म्हणाले. “घरी येऊन सांगायची.”

आणि हसले. आईच्या मातीनंतर त्यांना मी पहिल्यांदा हसताना पाहत होतो. हसता हसता रडले, रडता रडता दुसरी करंजी घेतली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की मीही डोळे पुसून घेतले, आणि वर केकचा उरलेला तुकडा त्यांच्यापुढे केला. तोही त्यांनी खाल्ला. त्यांचाच होता म्हणा.

बाहेर कुणीतरी नाताळचं भजन म्हणत सायकलवरून गेलं. साहेबांनी मान वळवून ऐकलं, पार लांब जाईपर्यंत.

मग डबा उचलला, झाकण लावलं. उंबऱ्यात चपला घालताना माझ्याकडे वळले.

“दानियल, पेटी पहिल्या गाण्याला जरा वरच्या पट्टीत घ्या उद्या.”

“घेतो की, साहेब!”

पायरीवर ते थांबले. सवय अशी लगेच सुटते थोडीच!

“बाई, उपदेश आटोपला की डबा आणून देतो. काहीतरी घालून...”

बाईंनी गॅस पेटवला.

“रिकामा आण.”