तेल्याच्या सुनेचं ताट

एका गावात एक तेली होता. होता म्हणजे नावाला. सगळा जन्म त्याचा घाण्याच्या बैलामागं गेला. घर चालवायची ती त्याची बायको, ठकूबाई. बाई कामाला वाघीण, जिभेची तिखट, पण मनानं फार हळवी. एकाच गोष्टीला ती भ्यायची, आणि ती गोष्ट त्या वर्षी तिच्याच घरात आली. तिच्या सुनेला, तुळसाला, दिवस गेले.

आता यात भ्यायचं काय? तर तीस वर्षांपूर्वी ठकूबाईचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. सहावा महिना होता. आदल्या आठवड्यात तिनं भरलं वांगं खाल्लं होतं, दोन घास जास्तच. गावानं लगेच निकाल दिला, "वांग्यानं घात केला." त्या दिवसापासून ठकूबाईनं वांग्याला हात लावला नाही, आणि स्वतःला माफही केलं नाही. पुढं मुलगा झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तरी ते वांगं तिच्या मनातून उतरलं नाही.

म्हणून सुनेच्या बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून बसली. तेल्याच्या घरी तेलाला काय तोटा! वांगं तर पहिल्याच दिवशी बंद झालं. बाकीच्याची सोय शेजारणींनी केली. फुकटचा सल्ला द्यायला कुणाला जड जातं? एक म्हणाली, तीळ उष्ण. झालं, तिळाचा डबा माळ्यावर गेला. दुसरी म्हणाली, गूळही उष्णच की. ढेप माळ्यावर गेली. केळं थंड, ताक थंड, डाळ वातूळ, शेवग्याचं तर नावच काढू नका. तेलानं पित्त होतं असं कुणीतरी सांगितलं, आणि घाण्यातून तेलाची धार लागलेल्या घरात सून कोरडी भाकरी खाऊ लागली. मग बाजरी उष्ण निघाली, भाकरीही गेली. मांडणीवर राहिले तांदूळ आणि मीठ.

ठकूबाई रोज पहाटे उठायची. अंघोळ करून स्वतःच्या हातानं तांदळाची पेज शिजवायची. सुनेनं चुलीकडं फिरकायचं नाही; न जाणो, काहीबाही तोंडात टाकलं तर? पेजेचं मडकं फडक्यानं बांधून ठेवायची आणि तेल विकायला आसपासच्या वाड्यांवर जायची. तुळसा तीच पेज सकाळी प्यायची, तीच दुपारी, तीच दिवेलागणीला. बाहेर चैताचं ऊन नुसतं रणरणत होतं.

"आत्याबाई, भूक लागते हो," तुळसा एकदा हळूच म्हणाली.

"सोस गं पोरी. बाळासाठी सोस," ठकूबाई म्हणाली. ती काही दुष्ट नव्हती.

संध्याकाळ झाली की तुळसाच्या पोटात कळ यायची, ओकाऱ्या व्हायच्या. ठकूबाईच्या काळजाचं पाणी व्हायचं. काय बरं नडलं असेल, काय राहिलं असेल, याचाच तिला घोर. शेवटी तिला मिठाचा संशय आला, आणि दुसऱ्या दिवसापासून पेज अळणी झाली.

सातवा लागला. ओटीभरणाचा दिवस ठरला. हिरवा चुडा भरायला कासारीण आली. आयाबाया गोल करून बसल्या, गाणी झाली, थट्टा झाली. कासारणीनं तुळसाचा हात हातात घेतला, नेहमीच्या अंदाजानं बांगडी काढली आणि चढवली. बांगडी सरळ कोपरापर्यंत गेली. तिनं एक माप लहान काढलं. तेही तसंच गेलं. मग पेटी धुंडाळून तिनं लहान पोरींच्या मापाच्या बांगड्या काढल्या, आणि त्या बसल्या.

कासारीण बांगड्या भरायची थांबली. तुळसाचा हात तसाच धरून म्हणाली, "ठकूबाई, बारा गावच्या गरत्या बायांचे हात माझ्या हातातून जातात. सातव्यात हात भरतो. या पोरीचा हात वाळलाय."

तीळ उष्ण म्हणणारी लुगड्याचा काठ चाचपत बसली.

"आता काय करू गं मी?" ठकूबाई म्हणाली. "नडणारं एकूण एक काढलं की मी!"

"मला माप कळतं, दुखणं कळत नाही," कासारीण म्हणाली. "ज्याला कळतं त्याला विचार. गिरजा सुईण अजून जिवंत आहे ना?"

गिरजा जिवंत होती, आणि चांगली खणखणीत होती. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती काठी टेकत आली. तुळसाचं पोट तपासलं, डोळे पाहिले, नखं पाहिली. मग विचारलं, "खातेस काय?"

"पेज," तुळसा म्हणाली.

"अजून?"

तुळसा सासूकडं बघत राहिली.

गिरजानं मांडणीकडं पाहिलं, माळ्याकडं पाहिलं, आणि काय ते ओळखलं. ती मडक्यापाशी गेली. "ही कधीची?"

"पहाटेची. माझ्या हातची हो. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही," ठकूबाई घाईघाईनं म्हणाली.

गिरजानं फडकं सोडलं आणि मडकं ठकूबाईच्या नाकाशी नेलं. "घे वास."

आंबूस वास आला. पेजेवर बारीक फेस धरला होता. ठकूबाई भुईवर बसली.

"म्हणजे मीच?" ती म्हणाली. "त्या लेकराला वांगं खाऊन मारलं, आणि याला पेज पाजून मारत होते?"

"अगं गप!" गिरजा केवढ्यांदा तरी ओरडली. मग तीही तिच्याशेजारी भुईवर बसली. "ठकू, त्या वेळी तुझ्या उशाशी कोण होतं? मी होते. चार दिवस तुला हिवताप होता. अंगावर लाह्या फुटाव्यात असा ताप. तुझं लेकरू तापानं गेलं गं. वांग्यानं नाही. गावाला बोट दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि वांगं स्वस्तात सापडलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुला ऐकू गेलं नाही. चूक माझी एवढीच, की पुन्हा सांगितलं नाही."

ठकूबाई रडली. तीस वर्षांचं रडली. गिरजानं तिला रडू दिलं, आणि मग तिचाच पदर तिच्या हातात दिला. "आता ऐक. हे बाळ चांगलं हलतंय, घाबरू नकोस. पण पोरीला खायला घाल. शिळं नको. दूध तापवल्याशिवाय नको, भाजी धुतल्याशिवाय नको, कच्चं-अर्धकच्चं नको, कच्ची पपई नको. पाणी उकळून गार करून झाकून ठेव. एवढं पाळ. बाकी माळ्यावरचं सगळं खाली काढ."

ठकूबाई उठली. सुनेपुढं जाऊन उभी राहिली. सासवा सहसा म्हणत नाहीत ते म्हणाली, "चुकलं माझं, पोरी. सांग, काय खावंसं वाटतं?"

तुळसानं खाली मान घातली. "सांगितलं तर रागवाल."

"नाही रागवत."

"भरलं वांगं."

गिरजा नुसती बघत राहिली. हे काम आता दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

ठकूबाईनं माळ्याला शिडी लावली. तीळ काढले, गूळ काढला, तेलाचा गडवा खाली घेतला. शेजारणीच्या परसातून चार कोवळी वांगी आणली, तीन पाण्यांनी धुतली. चिरताना दोनदा तिनं विळी बाजूला सारली आणि दोनदा पुन्हा पुढं ओढली. मसाला भरला, फोडणी दिली, गरम भाकरी थापली, आणि ताट तुळसापुढं ठेवून समोर बसली.

"आत्याबाई, तुम्ही?" तुळसानं विचारलं, आणि एक घास तिच्यापुढं धरला.

ठकूबाईनं त्या घासाकडं बराच वेळ बघितलं. मग तोंड उघडलं.

त्या संध्याकाळी तुळसाच्या पोटात कळ आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ठकूबाईनं चूल दोन्ही वेळेला पेटवायला घेतली. भीती लगेच गेली नाही; भीती अशी जाते होय! पण आता काही शंका आली की ती माळ्यावर चढायची नाही, गावाच्या कडेच्या आळीत गिरजाकडं जाऊन विचारून यायची. तुळसाच्या गालावर हळूहळू रंग चढला.

ज्येष्ठात एका सकाळी आतून रडण्याचा आवाज आला. ओसरीवर आयाबाया जमल्या होत्या. ठकूबाई लगबगीनं बाहेर आली.

"काय झालं गं? काय झालं?" बाया विचारू लागल्या.

"मुलगी झाली," ठकूबाई म्हणाली. "आणि माझ्या सुनेला भूक लागलीय. सरका वाटेतून!"

तात्पर्य: भीती ताटातलं काढत जाते, काळजी ताटात वाढत जाते. दहा जणींचं ऐकून पोटुशीचा घास तोडू नये; एका जाणत्याला विचारावं, आणि तिला ताजं, स्वच्छ, पोटभर जेवू घालावं.