शिवेवरची झोपडी

खडकटाकळीच्या ओढ्याकाठी मातीच्या भिंतींचे एक प्रार्थनामंदिर होते. साधू नथनियेलबाबा तिथे राहत आणि आल्यागेल्याला प्रभू ख्रिस्ताचे नाव सांगत. ख्रिस्ती मंडळीचे पंच बर्नबा ठोंबरे मात्र बाबांवरही नजर ठेवून असत. फुकट राबणाऱ्याचा हेतू तपासावा, असे त्यांचे मत.

सर्वांत जास्त संशय त्यांना धाकट्या भावाच्या विधवेचा. तबिथा बाबांचे अंगण झाडी, आजाऱ्यांचे करी. "झाडते अंगण, पण डोळा आमच्या विहिरीवर," असे बर्नबा चारचौघांत म्हणत आणि लोक हसत. भाऊ वारल्यावर त्याची पाण्याची पाळी बर्नबांनीच घेतली होती. तबिथेने ती कधी मागितली नाही. त्यामुळे तर त्यांचा संशय आणखी वाढला.

त्या चैत्रात प्लेग आला. गाव माळावर झोपड्या घालून राहिले. बर्नबांच्या जांघेत गाठ आली, तसे मुलगा शिमोनने त्यांना शिवेवरच्या झोपडीत एकटे ठेवले. नियम ठरलेला होता. जेवण बाहेरच्या दगडावर ठेवायचे. दोन दिवस कुणी उचलले नाही, तर माणूस गेला असे धरून झोपडी पेटवायची. एरवी मंडळी मूठमाती देत, पण त्या साथीत प्रेताला हात लावायला कुणी धजत नव्हते.

तीन दिवस बर्नबा पेज प्याले. पोराने आठवण ठेवली, असे त्यांना वाटले. चौथ्या सकाळी कुडाच्या फटीतून पाहिले, तर दगडाशी तबिथा! शिमोन का आला नाही? हिला कुणी पाठवले? पेजेत काय कालवले? त्यांनी भांड्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी तबिथेने बाहेरून हाका मारल्या. ते तोंड मिटून पडले. ती घाबरून बाबांकडे धावली.

दुपारी बाहेर माणसे आली. "अण्णा गेले. लावा," शिमोनचा आवाज आला. बर्नबांना ओरडायचे होते, पण घशातून शब्द निघेना. निदान कुणी डोकावेल, असे त्यांना वाटले. कुणी डोकावले नाही.

चूड छपराला लागली. कडकडीत वाळलेले गवत, तरी धुमसून विझले. दुसरी लावली, तीही विझली. तिसरी शिमोनच्या हातातच विझली, तेव्हा माणसे मागे सरली. तेवढ्यात तबिथा आली.

"थांबा. बाबा म्हणाले, भावजी जिवंत आहेत."

"काकी, आत गेलीस तर माळावर परत घेणार नाहीत."

"नका घेऊ," म्हणत तिने दाराची ताटी लोटली.

तिने त्यांचे डोके मांडीवर घेऊन पेज पुढे केली. बर्नबांनी ओठ घट्ट मिटले. मग ती आधी स्वतः दोन घोट प्याली. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडले.

प्रभूच्या कृपेने गाठ फुटली, ताप उतरला. तबिथेला काही झाले नाही. एकविसाव्या दिवशी बर्नबा चालत प्रार्थनामंदिरात गेले आणि बाबांच्या पाया पडू लागले. बाबा मागे सरले.

बाबा म्हणाले, "आग प्रभूने विझवली, मी फक्त मागणे केले. बर्नबा, चांगल्या दिवसांत सगळेच आपले असतात. प्रभूच्या क्रुसापाशी किती जण उरले होते? तुम्ही जिवंत आहात, एवढेच मी तिला सांगितले होते. आत जा, असे सांगितले नव्हते."

तबिथा दाराशी उभी होती. थोरल्या दिराने भावजयीपुढे वाकावे, अशी रीत खडकटाकळीत नव्हती. बर्नबा वाकले.